पीटर रॅबिटची आई मेंढ्यांमागे का गेली?

लिहिता उत्तम येतं, लोक वाहवा करतात, पैसेही मिळतात. तरीही मन दुसरीकडेच असेल तर? शंभर वर्षांपूर्वी एका जगप्रसिद्ध लेखिकेने या प्रश्नाचं उत्तर पायात लाकडी तळाचे बूट घालून, चिखलात उभं राहून दिलं होतं.

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी 'लेखक' असतोच. फ्रेशर्सच्या स्किटची स्क्रिप्ट त्याने लिहायची, फेअरवेलचं भाषण त्याने लिहायचं, कॉलेजच्या नियतकालिकासाठी कविता तर त्याच्याकडे तयारच असणार असं सगळे धरून चालतात. कदाचित ते 'लेखक' किंवा 'लेखिका' तुम्हीच असाल. शाळेत निबंधाला पहिला नंबर आला, बाईंनी वर्गात वाचून दाखवला, मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला. मग बारावीनंतर सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलं की, हिने मास कॉमला जावं, ही छान लिहिते.

आणि मग कधीतरी रात्री असाइनमेंट उघडून बसलेलं असताना डोक्यात एक शंका येते. मला हे जमतं, ते ठीक आहे. पण मला हे हवंय का?

ही शंका सांगायची कुणाला, हीच पंचाईत असते. जमत नाही म्हणून सोडलं तर लोक समजून घेतात. जमतंय आणि सोडायचंय म्हटलं की घरचे, मित्र, सर, सगळेच तुमच्याकडे असं बघतात जणू तुम्ही लागलेली लॉटरी फाडून टाकताय. माझ्या वर्गात तर ही शंका मनात असलेले निम्मे जण असावेत असं मला वाटतं, फक्त बोलत कुणी नाही.

म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव बिॲट्रिक्स पॉटर. नाव ओळखीचं वाटत नसेल तर निळं जाकीट घातलेला ससा आठवा. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला होता. तो पीटर रॅबिट तिचा. लहान मुलांसाठी तिने वीसपेक्षा जास्त चिमुकली पुस्तकं लिहिली, त्यातली चित्रंही स्वतःच काढली आणि ती आजही छापली जातात. पण तिच्या गावातल्या लोकांना विचारलं असतंत तर त्यांनी तिची ओळख वेगळीच करून दिली असती. त्यांच्या लेखी ती होती मिसेस हीलिस. मेंढ्यांतली जाणकार.

तिसऱ्या मजल्यावरचं प्राणिसंग्रहालय

बिॲट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. घरात पैसा भरपूर. दोन्हीकडच्या आजोबांनी लँकशरच्या कापड धंद्यात कमावलेला. वडील रूपर्ट पॉटर शिकलेले वकील, पण वकिलीपेक्षा त्यांचा जीव फोटोग्राफीत. आई हेलन यांना समाजातलं स्थान जपण्याची काळजी जास्त. भाऊ बर्ट्रम सहा वर्षांनी लहान, तो पुढे शाळेत गेला. बिॲट्रिक्स मात्र कधीच शाळेत गेली नाही. शिकवायला गव्हर्नेस घरी यायच्या, आणि ती घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाढली.

एकटी पडलेली बिचारी मुलगी, असं चित्र डोळ्यांसमोर आलं ना? थांबा. त्या खोलीत ससे होते, उंदीर होते, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग होता, वटवाघूळही होतं. दोघं भावंडं प्राणी पाळायची, त्यांची चित्रं काढायची आणि एखादा मेला तर त्याला उकळून हाडं वेगळी काढून सांगाडा अभ्यासायची. ऐकायला भीषण वाटतं खरं. पण पुढे तिच्या सशाने कोट घातला तरी तो आतून खराखुरा ससाच वाटतो, त्याचं कारण इथे आहे. कोटाखाली हाड कुठे आहे हे तिला माहीत होतं.

आणि हो, ती लिहीतही होती. पंधराव्या वर्षाच्या आसपास तिने रोजनिशी सुरू केली ती तिशीपर्यंत चालवली. पण तिने ती स्वतः शोधलेल्या सांकेतिक लिपीत लिहिली, तीही इतक्या बारीक अक्षरांत की तिच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर या चाहत्याला ती लिपी उलगडायला काही वर्षं लागली. १९५८ मध्ये कुठे त्याला किल्ली सापडली. म्हणजे बघा, आपण पोस्ट टाकल्यावर दर पाच मिनिटांनी लाइक्स मोजतो आणि ही मुलगी पंधरा वर्षं कुणालाच वाचता येणार नाही असं लिहीत बसली होती.

वर्षातले काही महिने मात्र ती या खोलीतून सुटायची. पॉटर कुटुंब उन्हाळ्यात मोठं घर भाड्याने घेऊन गावाकडे जायचं. आधी बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये आणि १८८२ पासून इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये. तळी, डोंगर, दगड रचून घातलेले बांध आणि उतारावर चरणाऱ्या मेंढ्या. सोळा वर्षांची बिॲट्रिक्स तिथे पहिल्यांदा गेली. हा प्रदेश लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा आहे.

पहिलं प्रेम: बुरशी

तिचं पहिलं खरं वेड लेखन नव्हतंच. ते होतं कुत्र्याच्या छत्र्या, म्हणजे अळंबी. विसाव्या वर्षानंतर ती त्यांच्या मागे अक्षरशः रानोमाळ हिंडली. स्कॉटलंडमधला चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा पोस्टमन निसर्गाचा मोठा जाणकार होता. तो तिला नमुने पाठवायचा, ती त्याला चित्रं पाठवायची. तिने काढलेली अळंबीची चित्रं शेकड्यांत मोजावी लागतात आणि ती इतकी अचूक आहेत की आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

ती चित्रांवर थांबली नाही. अळंबीचे बीजाणू कसे रुजतात हे तिने घरच्या घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, नोंदी केल्या आणि निबंध लिहिला. तिच्या आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. ते तिला क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात घेऊन गेले. तिथल्या संचालकांनी तिला काही भाव दिला नाही. शेवटी १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत तिचा निबंध मांडला गेला, पण तो मांडला जॉर्ज मॅसी या क्यूमधल्या तज्ज्ञाने. कारण सोसायटीच्या सभेला बायकांना प्रवेशच नव्हता. स्वतःच्या संशोधनावरची चर्चा ऐकायलाही ती तिथे जाऊ शकत नव्हती. निबंध पुढे छापला गेला नाही, तिने तो परत घेतला. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, सोसायटीने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. तोवर ती जाऊन चोपन्न वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिने विज्ञान सोडलं ते मन उडालं म्हणून नाही. दार लावून घेतलं गेलं म्हणून. पुढे तिने लेखन सोडलं तेव्हा मात्र सगळी दारं सताड उघडी होती. 'सोडणं' हा शब्द एकच असला तरी या दोन गोष्टी एक नाहीत. आपणही करिअर बदलायचा विचार करतो तेव्हा यातलं नेमकं काय होतंय, हे स्वतःला विचारायला हवं.

एका आजारी मुलाला पत्र

मग ससा कुठून आला? तर एका पत्रातून. बिॲट्रिक्सची शेवटची गव्हर्नेस ॲनी कार्टर तिच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी होती. लग्नानंतर ती ॲनी मूर झाली, पण मैत्री टिकली. तिचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून बिॲट्रिक्सने त्याला पत्र लिहायला घेतलं. लिहायला काही खास बातमी नव्हती, म्हणून चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठवली. बास. ना स्पर्धा, ना डेडलाइन, ना मानधन.

सात-आठ वर्षांनी हे पत्र पुस्तक होऊ शकेल असं तिला वाटलं. सुदैवाने नोएलने ते जपून ठेवलं होतं. तिने ते उसनं मागून घेतलं, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांना पाठवली. नकार आले, एकामागून एक. तिला पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढं छोटं हवं होतं आणि स्वस्त हवं होतं, यावर ती अडून बसली. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. आजच्या भाषेत सेल्फ पब्लिशिंग. ते पाहून फ्रेडरिक वॉर्न ही आधी नकार देणारी कंपनी तयार झाली. ऑक्टोबर १९०२ मध्ये रंगीत चित्रांची आवृत्ती निघाली. पहिल्या ८००० प्रती बाजारात यायच्या आधीच नोंदवल्या गेल्या होत्या आणि वर्षअखेर २८,००० प्रती छापून झाल्या होत्या.

आणि बाईंचं डोकं केवळ गोष्टी रचण्यात चालत होतं असं समजू नका. १९०३ मध्ये तिने पीटरची कापडी बाहुली स्वतः शिवली आणि तिची पेटंट ऑफिसात नोंदणी केली. मग बोर्ड गेम, वॉलपेपर, कपबश्या. आज सुपरहिरोचं चित्र टिफिनपासून टी-शर्टपर्यंत दिसतं ना, तो धंदा ज्यांनी अगदी सुरुवातीला ओळखला त्यांत ही बाई होती.

पुस्तकांच्या निमित्ताने कंपनीतल्या नॉर्मन वॉर्नशी रोजचा पत्रव्यवहार सुरू झाला. जुलै १९०५ मध्ये त्याने पत्रातून लग्नाचं विचारलं, तिने हो म्हटलं. आईवडिलांनी विरोध केला. कारण काय, तर तो धंदेवाईक घरातला. त्यांचा स्वतःचा पैसा कापडाच्या धंद्यातला होता, हा भाग वेगळा! ती ३९ वर्षांची होती, तरी साखरपुडा गुपचूप ठेवायचा असं ठरलं. आणि महिनाभरात, २५ ऑगस्ट १९०५ ला नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला.

पैसे आले, पण गेले कुठे?

माझ्या मते या बाईला ओळखायचं असेल तर तिची पुस्तकं बघण्याआधी तिचा जमाखर्च बघावा. माणसाला खरंच काय हवंय हे त्याच्या बोलण्यापेक्षा खर्चावरून लवकर कळतं.

नॉर्मन गेल्यावर त्याच वर्षी तिने लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी या खेड्यात हिल टॉप नावाची छोटी शेती विकत घेतली. पैसे पुस्तकांच्या मानधनाचे, त्यात एका मावशीकडून वारशात मिळालेल्या थोड्या रकमेची भर. राहत होती ती लंडनमध्ये आईवडिलांकडेच. सवड काढून धावत जायचं आणि परत यायचं. शेती सांभाळायला जॉन कॅनन आणि त्याचं कुटुंब आधीपासून तिथे होतं. तिने त्यांना काढलं नाही, उलट घराचा एक भाग वाढवून त्यांना राहायला दिला. मग गाई, डुकरं, कोंबड्या, बदकं आणि मेंढ्या आल्या.

आता पुस्तकांत काय होतं बघा. १९०५ ते १९१३ हा तिचा सर्वांत भरभराटीचा काळ. पण या काळातल्या पुस्तकांत हिल टॉपच शिरतं. १९०७ च्या 'टॉम किटन'मध्ये तिच्या घराचा जिना आणि बाग आहे. १९०८ च्या 'जेमिमा पडल-डक'मध्ये तिच्याच अंगणातलं बदक आहे, कॅननची बायको आणि पोरं आहेत आणि ते पुस्तक तिने कॅननच्या मुलांनाच अर्पण केलंय. वरवर पाहिलं तर ती शेतावर बसून पुस्तकं लिहीत होती. नीट पाहिलं तर पुस्तकं तिला शेताकडे ओढून नेत होती. प्रत्येक पुस्तकाचे पैसे आले की एखादं शेत, एखादं कुरण वाढायचं. १९०९ मध्ये तिने शेजारचं कॅसल फार्म घेतलं.

या खरेदीची कागदपत्रं बघायला हॉक्सहेड गावातले वकील होते, विल्यम हीलिस. शांत, उंच, स्थानिक माणूस. जमिनीच्या व्यवहारांतून ओळख वाढली आणि १९१२ मध्ये त्यांनी लग्नाचं विचारलं. पुन्हा आईवडिलांचा विरोध, यावेळी खेड्यातला वकील आपल्या तोलाचा नाही म्हणून. तेव्हा भाऊ बर्ट्रम मदतीला आला. त्याने घरच्यांना सांगून टाकलं की त्याचं स्वतःचं लग्न होऊन अकरा वर्षं झालीत आणि तो स्कॉटलंडमध्ये शेती करतोय. अकरा वर्षं कुणाला पत्ता नव्हता! १५ ऑक्टोबर १९१३ ला बिॲट्रिक्सचं लग्न झालं. वय ४७. त्याच वर्षी 'पिग्लिंग ब्लँड' हे पुस्तक आलं, ज्यात दोन डुकरं घर सोडून डोंगरापलीकडे पळून जातात.

त्यानंतर पुस्तकांचा ओघ आटला.

मिसेस हीलिस

लेखकाने लिहिणं थांबवलं की आपण लगेच कारणं शोधतो. प्रतिभा आटली असेल, डिप्रेशन असेल, नवऱ्याने बंद केलं असेल. इथे तसं काही नव्हतं. डोळे पूर्वीसारखे साथ देत नव्हते, बारीक चित्रं काढणं अवघड होत होतं, हे खरं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तिच्याकडे वेळच नव्हता. तिला कोकरं बघायची होती, गवत कापायचं होतं, बांधाचे पडलेले दगड रचायचे होते. पहिल्या महायुद्धात गडी माणसं सैन्यात गेली तेव्हा शेतावर स्वतः राबायची पाळी आली, आणि ती राबली.

आणि ती खुश होती. जाड लोकरीचा स्कर्ट, पायात लाकडी तळाचे बूट, पाऊस आला की डोक्यावर गोणपाट. एकदा रस्त्याने जाणाऱ्या एका भटक्याने तिला आपल्यासारखीच कुणी फाटकी बाई समजून सहानुभूती दाखवली, असं सांगतात. तिला या गोष्टीची गंमत वाटायची. गावात तिला बिॲट्रिक्स पॉटर म्हटलेलं आवडत नसे. मिसेस हीलिस म्हणा, मेंढ्यांबद्दल बोला, मग बाई तासभर बोलतील.

मग तिने परत कधी लिहिलंच नाही का? लिहिलं, पण कशासाठी ते बघा. १९१७ मध्ये वॉर्न कंपनीत मोठा गोंधळ झाला. नॉर्मनचा भाऊ हॅरल्ड बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात पकडला गेला आणि कंपनी बुडायला आली. तिचेही पैसे त्यात अडकलेले. तेव्हा कंपनी तरावी म्हणून तिने जुन्या चित्रांतून एक पुस्तक काढून दिलं आणि पुढच्या वर्षी 'जॉनी टाउन-माउस' लिहून दिलं. या पुस्तकात एक उंदीर शहरातला, एक गावातला. दोघंही एकमेकांकडे जाऊन येतात, पण शेवटी आपापल्या जागी परततात. १९२७ मध्ये विंडरमिअर तळ्याकाठची एक जागा बांधकामापासून वाचवायला निधी हवा होता, तर तिने पीटर रॅबिटची पन्नास चित्रं काढून अमेरिकेत बॉस्टनला विक्रीसाठी पाठवली. १९२९ आणि १९३० मध्ये आलेल्या पुस्तकांचे पैसेही असेच कामी आले.

म्हणजे लेखणी तिने फेकून दिली नव्हती. खुरपं कोपऱ्यात असतं तशी ठेवली होती. गरज पडली की हातात घ्यायची, काम झालं की परत जागेवर.

आपला डोंगर ओळखणारी मेंढी

आता मेंढ्यांकडे येऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हर्डविक नावाची मेंढीची एक जुनी जात आहे. कोकरं जन्मतात ती काळी, वय वाढेल तशी करडी होत जातात. लोकर राठ, पण अंग इतकं काटक की डोंगरमाथ्यावरच्या थंडी-पावसातही तग धरतात.

आपल्याकडे धनगर बांधव पावसाळा संपला की मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरतात, म्हणजे कळप माणसाबरोबर फिरतो. हर्डविकचं उलटं आहे. तिथे प्रत्येक कळपाचा डोंगरावरचा एक ठरलेला पट्टा असतो. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. तरी मेंढी आपला पट्टा सोडून सहसा जात नाही. हे ती आईबरोबर चरताना शिकते आणि मग आपल्या कोकराला शिकवते. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणूनच शेत विकलं गेलं तरी कळप शेताबरोबरच राहतो. एकदा तो कळप मोडला की नव्या मेंढ्यांना तो डोंगर शिकवायला वर्षानुवर्षं लागतात.

अडचण अशी होती की या राठ लोकरीचा भाव पडत होता. ती जायची गालिच्यांसाठी आणि घरोघर गालिच्यांऐवजी स्वस्त लिनोलियम अंथरलं जाऊ लागलं होतं. शेतकरी दुसऱ्या जातींकडे वळत होते. डोंगरातली शेतं तुकडे पडून बंगल्यांसाठी विकली जात होती. बिॲट्रिक्सला कळलं की एकेक शेत घेऊन भागणार नाही. डोंगर, शेत, कळप आणि मेंढपाळ हे सगळं एकत्र टिकलं तरच टिकेल.

१९२३ मध्ये तिने ट्राउटबेक पार्क हे जवळपास दोन हजार एकरांचं प्रचंड शेत घेतलं. तिथल्या मेंढ्या यकृतातल्या कृमींमुळे खंगलेल्या, गाभण राहिल्या तरी कोकरं वाचत नव्हती. तिने टॉम स्टोरी नावाच्या तरुण मेंढपाळाला गाठलं, त्याला मिळत होता त्याच्या दुप्पट पगार देऊ केला आणि कामाला घेतलं. मेंढ्यांना औषधं पाजली गेली, कळप सावरला. मग तिने स्टोरीला हिल टॉपला आणलं, प्रदर्शनांसाठी मेंढ्या तयार करायला. तो तिच्या पुस्तकांनी भारावून जाणारा माणूस नव्हता. मेंढ्यांमधलं आपल्याला जास्त कळतं असं तो तोंडावर ऐकवायचा, आणि ती ऐकून घ्यायची. जगभरची पोरं जिची पुस्तकं उशाशी घेऊन झोपत होती, ती साठीची बाई एका मेंढपाळाकडून नव्याने शिकत होती. तिच्या मेंढ्यांनी १९३० च्या दशकात बक्षिसांमागून बक्षिसं मिळवली. पुढे स्वतः ती प्रदर्शनांत परीक्षक म्हणून उभी राहू लागली.

१९३० मध्ये मंक कॉनिस्टन ही सुमारे चार हजार एकरांची जमीन विकायला निघाली. तिने ती घेतली आणि जवळपास निम्मी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला घेतल्याच भावात दिली. ट्रस्टच्या भागाची देखरेखही पुढची काही वर्षं तिनेच केली. घरांची गळकी छपरं, भाडेकरूंच्या तक्रारी, कुणाचा गोठा, कुणाचं गटार. सत्तरीला टेकलेली जगप्रसिद्ध लेखिका हे सगळं बघत होती.

१९४३ मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेने तिला अध्यक्ष म्हणून निवडलं. या पदासाठी निवडली गेलेली ती पहिली बाई. लिनियन सोसायटीच्या सभेत जिला बसता आलं नव्हतं, तिला मेंढपाळांनी आपल्या सभेत थेट अध्यक्षाची खुर्ची देऊ केली. पण पद हाती घेण्याआधीच, २२ डिसेंबर १९४३ ला ती गेली. वय ७७. तिच्या इच्छेप्रमाणे टॉम स्टोरीने तिच्या अस्थी डोंगरात विखुरल्या. कुठे, ते कुणाला कळलं नाही.

मृत्युपत्रात तिने चार हजारांहून जास्त एकर जमीन आणि डझनाहून अधिक शेतं नॅशनल ट्रस्टच्या नावे केली. सोबत अट, की डोंगरावरच्या शेतांत हर्डविक मेंढ्याच राहतील. आज लेक डिस्ट्रिक्टचे फोटो बघून आपण वा म्हणतो, त्यातला बराचसा भाग तसाच राहिला तो एका सशाच्या रॉयल्टीवर.

मग लेखन वाया गेलं का?

आता तुमच्या डोक्यात येणारा प्रश्न मला माहीत आहे. तिच्याकडे पैसा होता, तिला सोडणं परवडलं. आम्ही काय करायचं?

बरोबर आहे. बाप श्रीमंत होता, मानधन मोठं होतं. हे झाकून ठेवून ही गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. पण दुसरी बाजूही बघा. तिला ४७ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या घरातून मनासारखं बाहेर पडता आलं नव्हतं. आणि तिने एका रात्रीत राजीनामा टाकून डोंगर गाठला नाही. हिल टॉप घेतल्यापासून पुस्तकं मागे पडेपर्यंत आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत तिने सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगलं लिहिलं. जे सोडायचं होतं तेच नेटाने करून, जे हवं होतं त्याचे पैसे उभे केले. रील्समध्ये दिसतं तसं 'सब कुछ छोड के पहाडों में' हे प्रकरण नव्हतंच ते.

म्हणून लिहिणं ही आपली खरी आवड नाही असं कळलं, तर दचकू नका. लगेच कोर्सही सोडू नका. चांगलं लिहिता येणं हे चांगलं हत्यार आहे. शेती करा, स्टार्टअप काढा, एनजीओत जा, लॅबमध्ये जा, जिथे जाल तिथे नीट पत्र लिहिणारा, प्रस्ताव लिहिणारा, लोकांना समजेल असं सांगणारा माणूस लागतोच. बिॲट्रिक्सचं लेखन वाया गेलं नाही, त्याचे डोंगर झाले.

फक्त एक करा. पुढचे काही महिने स्वतःवर बारीक लक्ष ठेवा. हातात पैसे आले की ते कशावर जातात? कुणी सांगितलं नसताना, मार्क मिळणार नसताना रविवारी सकाळी तुम्ही काय करत असता? कुठल्या विषयावर बोलायला लागलात की तुम्हाला थांबवावं लागतं? आणि कुठल्या कामात तुम्ही एखाद्या टॉम स्टोरीचं तोंडावरचं बोलणं ऐकून घ्याल, न रागावता, कारण तुम्हाला ते काम शिकायचंच आहे?

उत्तर 'लिखाण' असंच आलं, तर उत्तम, या, आम्हाला लिहिणारे हवेच आहेत. दुसरं काही आलं, तर तेही घरी सांगा. सगळ्यांना पटेल याची वाट बघत बसू नका. हर्डविकच्या कोकराला आपला डोंगर कुठला हे आई दाखवते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो स्वतःच हुडकावा लागतो, आणि बिॲट्रिक्सला तर तो सापडून तिथे कायमचं राहायला जायला सत्तेचाळीस वर्षं लागली. तुमच्या हातात त्यापेक्षा पुष्कळ वेळ आहे.